चांगल्या जमिनीत न येणारं फूल

आमच्या घरमालकीण काकू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कांदे लुटायच्या. भाजीचे नव्हेत, मे फ्लॉवरचे. धरमपेठेतल्या बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या असलं काही लुटत असताना ही बाई मातीनं माखलेला, मुळ्या वाळलेला एक कांदा हातावर ठेवायची आणि बजावायची, "अक्षय तृतीयेपर्यंत याले पाणी दाखवू नको." बायका तो पदराआड धरून बाहेर पडायच्या आणि फाटकाबाहेर गेल्यावर हसायच्या. पण कांदा कोणी फेकून देत नसे. मे महिन्यात काकूंच्या अंगणात जे दिसायचं, ते प्रत्येकीला आपल्याही अंगणात हवं असायचं.

मे फ्लॉवर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. हिवाळाभर हा कांदा जमिनीखाली मेल्यासारखा पडून असतो. वर काही म्हणजे काही नसतं. मग नागपूरचं ऊन अगदी टिपेला पोचतं, बाकीच्या झाडांच्या माना पडतात, आणि तेव्हा हा जमिनीतून एक जाड, गुळगुळीत दांडा वर काढतो. त्या दांड्यावर चेंडूएवढा लालभडक गोळा फुलतो. काकूंच्या अंगणात एका गोल वाफ्यात असे चेंडू दाटीनं उभे राहायचे. लोक स्कूटर थांबवून बघायचे, फोटो काढायचे. वाफा इतका गोल की कंपासनं आखल्यासारखा. घर बघायला गेले तेव्हा मलाही ते फार सुंदर वाटलं होतं. आता ते फूल कुठे दिसलं की मी आधी पायाखाली बघते.

मी शाळेत शिकवते. आई गेली तेव्हा बाबांना कुहीकडच्या आमच्या गावाहून नागपूरला आणलं, कारण गावात त्यांना बघायला कोणी उरलं नव्हतं आणि त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. जन्मभर धान पिकवलेला माणूस. चहा घेतल्याचं विसरायचे, माझं नाव विसरायचे, पण कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी किती धरायचं ते विसरले नव्हते. एकटी बाई आणि भ्रमिष्ट म्हातारा म्हटल्यावर चार घरमालकांनी तोंड फिरवलं. काकूंनी फिरवलं नाही. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. बाबांचं वजन किती, आणि ते चालताना पाय आपटतात का.

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

काकू भित्र्या होत्या, असं म्हणणं फार थोडं झालं. माहेर उमरेडकडचं, उभं आयुष्य धरमपेठेत गेलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. एवढ्या मोठ्या घरात एकट्या राहायच्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत घाबरायच्या. देवळात जाताना फ्रीजसुद्धा बंद करून जायच्या. गॅसपाशी नाक नेऊन हुंगायच्या. पण हे सगळं वरवरचं. त्यांची खरी भीती पायाखाली होती. नवऱ्याची एक जुनी छत्री होती, लोखंडी टोकाची. घराबाहेर पाऊल टाकण्याआधी त्या ते टोक फरशीवर, मग मातीवर ठोकायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. मग पाऊल. पुन्हा ठोकणं, पुन्हा पाऊल. बाजारात कोथिंबीर निवडतानासुद्धा एक हात छत्रीवर आणि छत्री जमिनीवर.

अंगणात त्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत एक फरशीची वाट, तिला दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ. दूधवाला, पेपरवाला, भाडेकरू, पाहुणे, सगळ्यांनी रेघांच्या आतून चालायचं. वाफ्याभोवती तर दुहेरी रेघ. मी त्याला कबड्डीचं मैदान म्हणायची. आणि हळदीकुंकवाला बायकांनी दोघी-दोघीनं आत यायचं, बाकीच्यांनी फाटकाबाहेर थांबायचं, असा नियम होता. थंडीत कुडकुडत भरजरी साड्या नेसलेल्या बायका रस्त्यावर रांग लावून उभ्या असायच्या. एकीनं मला विचारलं होतं की तुमच्या घरमालकीणबाईंना तोरा मिरवायची फार हौस आहे का. मी म्हटलं, नाही हो, त्यांना अंगण तुटायची भीती वाटते. ती हसत सुटली. मीही हसले.

शिडीचं तर विचारूच नका. व्हरांड्याच्या भिंतीवर दोन हुकांवर एक लांबलचक बांबूची शिडी आडवी टांगलेली होती. तिच्या पायऱ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्या ठोकलेल्या. म्हणजे तिच्यावर चढायची सोयच नाही. दर दिवाळीला काकू तिला जवसाचं तेल चोळायच्या, दोर तपासायच्या, पुन्हा टांगायच्या. चढता न येणारी शिडी कशाला जपता, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लागली तर लागली." एवढंच. जास्त विचारलं की त्या वर बघायच्या आणि पंख्याचा आवाज आज वेगळा येतो का म्हणून विचारायच्या.

त्यांच्यासमोर एक वाक्य बोलायची चोरी होती. "काही होत नाही." कोणी सहज जरी म्हटलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा. "काही होत नाही म्हणणारा माणूस माझ्या घरात होता वं," असं म्हणून त्या आत निघून जायच्या. मी समजले, नवऱ्याचं दुखणं अंगावर काढणं वगैरे असेल.

आता त्या फुलांचं. काकूंनी वाटलेले कांदे धरमपेठेत कुठेच फुलत नसत. पानं यायची, हिरवीगार, हातभर. फूल नाही. बायका हट्टाला पेटलेल्या. कोणी शेणखत घातलं, कोणी ताक ओतलं. एकीनं तर काकूंच्या फाटकाजवळची माती पिशवीत भरून नेली. काकू दरवर्षी पावसाळा संपला की वाफ्यात घमेली भरभरून मुरूम आणि विटांचे तुकडे टाकतात हे लोकांनी बघून ठेवलं होतं. मग त्यांनीही टाकलं. पावसाळ्यात काकू वाफ्यावर उतरते टिन ठोकून पाणी रस्त्याकडे काढून द्यायच्या. लोकांनीही टिन ठोकले. तरी नाही. समोरचे निवृत्त साहेब म्हणायचे की ही बाई कांदे उकळून वाटते.

कोणी तक्रार घेऊन आलं की काकू एकच उत्तर द्यायच्या. "तुमची जमीन चांगली आहे. म्हणून नाही येत." हे ऐकून माणूस आणखी चिडायचा. टोमणा वाटायचा तो. आणि वर, "कोणाकडे फूल आलं तर मले सांगजा. विसरू नका," असं त्या प्रत्येकाला बजावायच्या. मे महिन्यात स्वतः फोन करून चौकशी करायच्या. आलं का? नाही? बरं. त्या 'बरं'मध्ये इतका जीव भांड्यात पडलेला असायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई आपल्या फजितीवर खूश आहे. धरमपेठेत त्यांना मनाची कोती म्हणत. मीही एकदोनदा म्हटलं असेल.

खरं तर कारण साधं होतं, आणि मला ते आता कळतं. धरमपेठेची माती काळी. पावसाचं पाणी धरून ठेवते, फुगते, महिनेच्या महिने ओली राहते. मे फ्लॉवरच्या कांद्याला ओल सोसत नाही, त्याला हिवाळाभर कोरडी, निर्धास्त झोप हवी असते. वरून मुरूम टाकून काय उपयोग, खाली काळी मातीच असते. त्यात आमच्या लोकांचा झाडांवर जीव फार. समोर काही उगवलं नसलं तरी सकाळी झाडांना पाणी घालताना दोन तांबे तिथेही ओततील. कांदा कुजला नाही तरी झोपमोड झालेला माणूस जसा दिवसभर नुसता बसून राहतो, तसा तो पानं काढून बसतो. काकूंच्या वाफ्यात मात्र पाणी थांबतच नव्हतं. कितीही पडलं तरी खाली निघून जायचं. कुठे जायचं, हे कोणी विचारलं नाही.

बाबांचं आणि काकूंचं चांगलं जमलं. संध्याकाळी दोघं व्हरांड्यात बसायची. बाबा तेच तेच सांगायचे, नांगरणी, चिखलणी, परहे म्हणजे रोपं उपटून त्यांची रोवणी, आणि काकू प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायच्या. मध्येच विचारायच्या, "पाणी जास्त झालं तर जमीन खचत नाही का हो भाऊ?" बाबा हसायचे. धानाच्या बांधीला खालून कडक थर असतो, म्हणून तर पाणी ठरते, असं समजावायचे. थर नसला तर? असं काकूंनी विचारलं की बाबा म्हणायचे, थर नसला तर ते शेत कशाचं. काकू छत्रीचं टोक फरशीवर हळूच टेकवायच्या. मी आतून कणीक मळता मळता ऐकायची. मला वाटायचं, बरं झालं, दोन भ्रमिष्टांची सोबत झाली.

त्या दिवसांत मलाही भीतीनं घेरलं होतं, पण माझी भीती वेगळी होती. बाबा घरातून निघून जातील ही भीती. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. फाटकाची कडी लावली का? ते कुहीच्या एसटीत जाऊन बसले तर? एकदा ते कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याला आमच्या गावाचा रस्ता विचारत होते. त्यानं ओळखून आणून सोडलं म्हणून बरं. तेव्हापासून मी फाटकाला वर एक जास्तीची कडी बसवून घेतली, बाबांचा हात पोचणार नाही अशी. शाळेतून घरी येताना गल्लीच्या तोंडापासून मी ती कडी बघत यायची. लागलेली दिसली की श्वास सुटायचा. वर्षभर मी फाटकाची राखण केली, आणि धोका फाटकाच्या आत होता.

बाबांना तो वाफा बघवत नसे. हिवाळ्यात तिथे नुसता कोरडा मुरूम. ते चुन्याच्या रेघेपाशी उभे राहून पुटपुटायचे, "पडीक ठेवली. काहून पडीक ठेवली वं इतकी जागा?" मी त्यांना आत आणायची.

मे महिना लागला होता. शाळेला सुट्ट्या होत्या. फुलं भरात आलेली, अंगणाच्या मधोमध तो लाल गोल पेटल्यासारखा दिसत होता. दुपारी जेवणं झाली, बाबा त्यांच्या खोलीत आडवे झाले. काकू त्यांच्या खोलीत, मी माझ्या. प्रत्येक खोलीच्या खिडकीला कुलर घरघरत होता. उन्हाळ्यात दुपारी आमच्या नागपुरात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही तो या कुलरांमुळे. मला डुलकी लागली.

मग लाइन गेली. कुलर थांबला. शेजारचे, समोरचे, सगळ्या गल्लीचे कुलर एकदम थांबले आणि दुपार अशी सुन्न झाली की मी दचकून उठले. त्या शांततेत पाण्याचा आवाज येत होता. नळ टपकतो तसा नाही. पाटातून शेताला पाणी सोडल्यावर येतो तसा.

बाबांची खाट रिकामी होती. मी अनवाणी धावले ती सरळ फाटकाकडे. कडी जागेवर होती. मी फाटकाला टेकून उभी राहिले आणि मनात म्हटलं, आत आहेत, मग काही होत नाही. हेच शब्द. मग वळून बघितलं.

बाबांनी धोतर मांडीपर्यंत खोचलं होतं. वाफ्याभोवती मुरूम ओढून त्यांनी सुरेख धुरा, म्हणजे बांध, घातला होता, अगदी शेतात घालावा तसा. टाकीचा रबरी पाइप पूर्ण सोडून आत टाकला होता. आणि ते स्वतः वाफ्याच्या मधोमध उभे राहून पायांनी चिखल तुडवत होते. गुडघ्याएवढ्या उंचीवरचे लाल चेंडू त्यांच्या चारी बाजूंना डोलत होते, काही मोडून चिखलात पडले होते. हातात काकूंचं फावडं. चेहऱ्यावर असं समाधान, जसं आई गेल्यापासून मी बघितलंच नव्हतं. मला रागवावंसंही वाटेना. काकू काय म्हणतील एवढाच विचार मनात आला.

"बाबा, या इकडे," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी ठरून नाही राहिलं वं. केव्हाचं सोडलं, घोट्याच्या वर चढत नाही. खाली कुठं तरी भोक आहे." आणि ते भोक शोधायला त्यांनी फावडं उलटं करून दांडा चिखलात खुपसला. दांडा सरळ आत गेला, जवळजवळ पात्यापर्यंत. त्यांनी तो ओढून काढला आणि नवलानं बघत राहिले.

मी पुढे झेपावले, तोच कोणीतरी माझं मनगट धरलं. काकू होत्या. छत्री नव्हती त्यांच्या हातात. छत्रीशिवाय मी त्यांना व्हरांड्याच्या खाली पहिल्यांदा बघितलं. चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज खालचा आणि स्वच्छ.

"तू नको जाऊ. तू पाय टाकशील तर दोघंही जासान. खाली विहीर आहे."

त्यांनी मला व्हरांड्याकडे ओढलं. शिडी उतरवायची होती. कशी उतरवली आठवत नाही. ती तेल पाजलेली जड शिडी आम्ही दोघींनी रेघांवरून ओढत नेली आणि वाफ्यावर आडवी सोडली. एक टोक फरशीवर, दुसरं पलीकडच्या कुंपणाच्या भिंतीच्या पायथ्याशी. मधे फळ्यांची वाट. तेव्हा मला समजलं की ती शिडी कशासाठी होती. ती लांबीला बरोबर तेवढीच होती.

पण बाबा तिच्यावर येईनात. त्यांचं काम अर्धवट होतं. मी हाका मारल्या, विनवलं, शेवटी ओरडले. त्यांनी मला ओळखलंच नाही. कोण बाई आहे ही, मजुरीला आली असेल, अशा नजरेनं बघितलं आणि पुन्हा पाय तुडवायला लागले. प्रत्येक पावलाबरोबर त्यांच्याभोवतीचं पाणी बुडबुडत होतं. मी मोठ्यानं रडत होते, ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

काकू माझ्या पुढे आल्या. फरशीच्या अगदी कडेला उभ्या राहिल्या. आणि रोज संध्याकाळी व्हरांड्यात बोलायच्या तसं, सहज, बाबांशी बोलल्या.

"भाऊ, रोवणी झाली आहे. धान तुडवू नका."

बाबा थांबले. खाली बघितलं. हिरवे दांडे, पाणी, चिखल. जन्मभर कधी रोवलेल्या बांधीत त्यांनी पाय दिला नसेल, कोणाला देऊ दिला नसेल. त्यांचा चेहरा एकदम ओशाळला.

"झाली काय रोवणी?"

"झाली ना. तुमच्या बाजूले धुरा आहे पाहा. धुऱ्यावरून या. हळू या, परहे मोडन."

बाबांनी फळीवर पाऊल ठेवलं. मग दुसरं. शेतातल्या धुऱ्यावरून चालतात तसे, अंग सावरत, एकेक पाऊल जपून, त्या शिडीवरून ते आमच्याकडे आले. फरशीवर त्यांचा हात माझ्या हातात आला तेव्हा तो चिखलानं बरबटलेला होता. मी त्यांना खाली बसवलं आणि घट्ट धरून ठेवलं.

मागे पाणी फिरायला लागलं. मोरीत फिरतं तसं, मधोमध, सावकाश. मग जमिनीनं घोट घेतल्यासारखा एक आवाज केला आणि मधली फुलं खाली गेली. मग त्यांच्या शेजारची. लाल चेंडू एकामागून एक वाकत होते आणि दिसेनासे होत होते. शेवटी मोठा धप्प आवाज झाला, तो खूप खालून आला. धूळ नाही, आरडाओरडा नाही. वाफ्याच्या जागी एक काळं, गोल तोंड उघडं पडलं. शिडी त्याच्यावर आडवी पडून होती.

बाबांनी मान वळवून बघितलं. "पाणी कुठं गेलं?" त्यांनी मला विचारलं. "बांधी फुटली काय वं?"

आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. काकू फाटकापाशी उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या, दोघं दोघं या, रेघेच्या आत राहा. या खेपेला कोणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी व्हरांड्याच्या पायरीवर त्यांनी मला सगळं सांगितलं. घरी नळ आला तेव्हा नवऱ्यानं विहीर बुजवली. विटांचे तुकडे, माती, तोडलेलं चिंचेचं झाड बुडख्यासकट, हाताला येईल ते टाकलं. लाकूड सडेल, पोकळी होईल, असं कोणीतरी म्हटलं. ते म्हणाले, काही होत नाही. पुढच्याच उन्हाळ्यात तिथे वासरू बांधलं होतं. काकू गाईला पाणी पाजून परत आल्या तर खुंट्याचं दावं ताणलेलं होतं आणि वासरू दिसत नव्हतं. नवऱ्यानं पुन्हा भर घातली आणि बाहेर बोलायचं नाही म्हणून दम दिला. घराला नाव पडलं तर भाडेकरू कोण येणार.

"मग मी त्याच्यावर कांदे लावले," काकू म्हणाल्या. "माणूस फुलावर पाय देत नाही. खाली पोकळ तिथं फूल आलं, बाजूच्याले नुसती पानं. दरवर्षी विहीरच तोंड काढून दाखवे मले, पाहा, इतकी आहे म्हणून."

म्हणजे धरमपेठेचे लोक स्कूटर थांबवून त्या विहिरीच्या तोंडाचे फोटो काढत होते. मी घर बघायला आले तेव्हा तेच बघून भुलले होते.

मी त्यांच्यावर भयंकर चिडले. माझ्या बापाचा जीव गेला असता. वर्षभर तो माणूस त्या रेघेपाशी उभा राहत होता आणि तुम्ही बोलला नाहीत, का बोलला नाहीत, असं मी त्यांना ओरडून विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगतलं असतं तर तू गेली असती. मले एकटीले त्या विहिरीसंगं राहाचं भेव वाटे वं."

राग मात्र तसाच राहिला, अजून थोडा आहे.

"आणि ते वाण?" मी विचारलं.

"हर घरी विहीर होती इथं," त्या म्हणाल्या. "सगळ्यायनं बुजवल्या. आता कोणाले आठवत नाही, कुठं होती. सांगून कोण आयकते? म्हणून कांदे देत गेली. फूल आलं असतं तर समजलं असतं."

मनाची कोती म्हणत होतो आम्ही त्या बाईला. ती घरोघर भीती वाटत फिरत होती, आणि कोणाकडे फूल आलं नाही की तिला एका घरापुरती झोप लागायची.

महिन्याभरात मी ते घर सोडलं. काकूंच्या मुलानं विहीर नीट काँक्रिट ओतून बुजवली, घर विकलं आणि त्यांना पुण्याला नेलं. तिथे त्या सातव्या मजल्यावर राहतात. पहिल्या दिवशी फरशीवर छत्री ठोकली, म्हणे, आणि खालच्या बिऱ्हाडानं येऊन तक्रार केली. खाली जमीनच नाही, नुसती माणसं आहेत, त्यामुळे आता बरं वाटतं, असं त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या.

मी उमरेड रोडला एका ले-आउटमध्ये लहानसं घर घेतलं. चारी बाजूंनी पूर्वीची शेतं, आता प्लॉट. त्या दिवशी चिखलातून फरशीवर उडालेला एक कांदा मी उचलून ठेवला होता, तो मागच्या अंगणात भिंतीपाशी लावला. कशासाठी लावला मला सांगता येणार नाही. दरवर्षी मे महिन्यात काकूंचा फोन यायचा. आलं का? मी नाही म्हणायची. बरं, त्या म्हणायच्या. आणि मलाही खरंच बरं वाटायचं. मी त्या नुसत्या पानांवरून हात फिरवायची आणि बाबांची बाज त्यांच्याशेजारी टाकायची, सावली असते म्हणून.

यंदा दांडा आला.

सकाळी बाबांचं तोंड धुवायला त्यांना मागे नेलं तर भिंतीपाशी तो उभा, टोकावर मिटलेली लाल कळी. मी बाबांना दंडाला धरून आत आणलं आणि काकूंना फोन लावला. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. पहिला प्रश्न, "भाऊ कुठं आहेत?"

आत आहेत, मी सांगितलं. मग मी घाईघाईनं बोलत सुटले. हिवाळ्यात मी मागे पाणीच घातलं नाही, नळाची तोटी खराब होती, त्यामुळे कांद्याला कोरडं मिळालं असेल, म्हणून आलं असेल. इथली माती मुरमाड आहे. फूल येण्याला काहीही कारण असू शकतं.

"असन," काकू शेवटी म्हणाल्या. "पण त्या ले-आउटच्या आधी तिथं शेत होतं ना? शेताले विहीर असते."

हे मला माहीत होतं. म्हणून तर फोन केला होता. ज्या माणसानं प्लॉट पाडले तो म्हणाला होता की इथे कधी विहीर नव्हती. शेजारी म्हणाले होते, होती, पण कुठे ते सांगता येत नाही. फोन चालू ठेवूनच मी छत्री आणली, मागच्या दारातून हात लांब करून जमिनीवर ठोकली. आवाज आला. पण चांगल्या जमिनीचा आवाज कसा असतो ते काकूंनी मला कधी शिकवलं नव्हतं, आणि फोनवरून त्यांना तो नीट ऐकू गेला नाही. मी पुन्हा ठोकली. त्या म्हणाल्या, राहू दे, वाकू नको.

दुपारी सुतार आला. बांबूची शिडी मी बाजारातून आणली होती, फळ्या त्यानं आणल्या. मागच्या दाराला मी आतून कडी घातली आहे, वरच्या बाजूला. उद्या विहिरींची कामं करणारा माणूस येऊन जमीन बघणार आहे. तोवर कोणी तिकडे जायचं नाही. सुतारानं काही न विचारता फळ्या ठोकल्या, शहाणा माणूस असावा. बाबा खुर्चीवर बसून ते सगळं लक्ष देऊन बघत होते.

"फळ्या ठोकल्यावर चढशील कशी वं?" त्यांनी मला विचारलं.

"चढायचं नाही बाबा," मी म्हटलं. "हा धुरा आहे."

त्यांना ते लगेच पटलं. त्यांनी मान हलवली, खुर्चीवरून उठले आणि मागच्या दाराच्या फटीतून बाहेर बघत विचारलं, "मग बांधी कुठं आहे?"